पहिल्या दिवशी सांबराच्या मागावर

1 ऑक्टोबरची पहाट. मोहर्लीच्या गेटसमोर जिप्सींची रांग लागलेली असते. ओल्या सागाचा आणि कुजक्या पाल्याचा वास नाकात भरतो, मधूनच एखादी झुळूक जवळच्या बांध्यांतून निसवलेल्या धानाचा गोडसर वास घेऊन येते. 1 जुलैपासून बंद असलेला ताडोबा व्याघ्र प्रकल्पाचा गाभा, म्हणजे कोअर, आज पर्यटकांसाठी उघडणार असतो. रांगेतल्या जवळजवळ प्रत्येक गाडीत प्रश्न एकच असतो: वाघ दिसेल ना?

दिसेलही कदाचित. पण वाघ दिसण्यासाठी वर्षातला सगळ्यात अवघड महिना कोणता, असं मला विचारलंत तर मी ऑक्टोबरच सांगेन. पाऊस नुकताच ओसरलेला असतो. गवत छातीइतकं वाढलेलं, बांबूची बेटं गच्च, आणि प्रत्येक नाल्याला पाणी. एप्रिल-मे महिन्यांत वाघाला मोजक्या पाणवठ्यांवर यावंच लागतं, म्हणून तो दिसतो. ऑक्टोबरात त्याला कुठेच यायची गरज नसते. मुंबई-पुण्याहून रात्रभर प्रवास करून आलेली माणसं फक्त वाघाची आस धरून चार तास फिरतात आणि पडलेल्या चेहऱ्याने परततात, तेव्हा मला खरंच वाईट वाटतं. कारण त्या चार तासांत त्यांच्या डोळ्यांसमोरून किती काय गेलेलं असतं, आणि ते बघायला त्यांना कुणी शिकवलेलंच नसतं.

म्हणून माझा सल्ला असा: पहिल्या दिवशी सांबर शोधायला जा.

सांबर हे भारतातलं सगळ्यात मोठं हरीण. पूर्ण वाढलेला नर अडीचशे-तीनशे किलोंपर्यंत भरतो, म्हणजे चितळाच्या तिपटीहून जास्त. असं मोठं हरीण शोधणं हीही एक विद्या आहे. अमेरिकेत एल्क हरणाच्या शिकारीचा हंगाम उघडतो तेव्हा तिथली शेताडीतली माणसं पहाटे चारला उठून रानाच्या कडेला दबा धरून बसतात. वारा कुठून वाहतो ते बघतात, मातीतले खूर वाचतात, तास न् तास हलत नाहीत. परवाने, हंगाम, संख्या, सगळं कायद्याने बांधलेलं असतं. आपल्याकडे ते दार बंद आहे आणि ते बंदच राहायला हवं. ताडोबात शिकारीला 1935 मध्येच बंदी आली, 1955 मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान इथे झालं, 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सांबराला देशभर कवच दिलं आणि 1995 मध्ये ताडोबा व अंधारी अभयारण्य मिळून व्याघ्र प्रकल्प उभा राहिला. पण शिकाऱ्याजवळ जी विद्या होती, वारा ओळखण्याची, कान टवकारून बसण्याची, चिखलावरचं अक्षर वाचण्याची, ती काही बंदुकीबरोबर टाकून द्यायची नाही. सांबर बघायचा तर तीच लागते.

आता पहिली गोष्ट, बुकिंग. बहुतेक जण सकाळची फेरी गाभ्यात घेतात आणि जमलं तर दुपारी गाभ्याभोवतीच्या बफरमध्ये जातात. मी उलट करायला सांगते. सकाळ बफरमध्ये घालवा, दुपार गाभ्यात. याला कारण आहे. सांबर मुख्यतः रात्री चरतो. जंगलाला लागून तूर, धान असेल तर तो अंधारात शेतावर येतो आणि उजाडायच्या सुमारास पुन्हा रानात शिरतो. म्हणजे पहाटेचा अर्धा-पाऊण तास तो शेत आणि जंगल यांच्या सीमेवर असतो. आगरझरी, देवाडा, जुनोना किंवा कोलाऱ्याकडचं मदनापूर, अलीझंझा, असे बफरचे रस्ते गावांच्या आणि शेतांच्या जवळून जातात. ही कड म्हणजेच तुमची जागा. दुपारी मात्र सांबर रानाच्या सावलीत रवंथ करत बसलेला असतो आणि ऊन उतरताना पाण्याकडे निघतो. तेव्हा गाभ्यातला ताडोबा तलाव गाठा. तिथे सांबरं पोटापर्यंत पाण्यात उतरून पाणवनस्पती खाताना दिसतात. त्याच तलावात मगरीही आहेत, त्यामुळे पाण्यात उभी असलेली मादी दर थोड्या वेळाने मान वर का करते, ते तुम्हाला सांगावं लागणार नाही.

बफरचं बुकिंग गाभ्यापेक्षा स्वस्त असतं आणि पहिल्या दिवशीही बहुधा मिळतं. प्रकल्पाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच करा. आठवड्याची सुट्टी कोणत्या वारी आहे ते आधी बघा, गाभा मंगळवारी बंद असतो. ज्या ओळखपत्राचा क्रमांक बुकिंगला दिला तेच मूळ ओळखपत्र बरोबर ठेवा. झेरॉक्स दाखवून वाद घालत बसलेली गाडी मी पाहिली आहे, आणि तोवर पूर्वेला तांबडं फुटून सगळी वेळ निघून गेली होती.

गेटमधून आत गेल्यावर पहिल्या दहा मिनिटांत गाईडशी बोलून घ्या. हे मी सगळ्यात महत्त्वाचं मानते. ताडोबातले गाईड आणि चालक आसपासच्या गावांतले आहेत, आता त्यांत बायकाही आहेत, आणि त्यांच्यातल्या कित्येकांची स्वतःची शेती या कडेलाच आहे. पण दिवसभर पर्यटक त्यांना एकच मागणी करतात, म्हणून तेही सवयीने वाघाच्या ठिकाणांवर गाडी पळवतात. त्यांना स्पष्ट सांगा, “दादा, आम्हाला वाघाची घाई नाही. सांबराचे माग दाखवा, गाडी हळू घ्या, थांबलं तरी चालेल.” हे ऐकल्यावर माणूस कसा मोकळा होतो ते बघण्यासारखं असतं. एरवी जी माहिती त्याच्या पोटातच राहते, ती बाहेर येऊ लागते.

एका वर्षी माझ्याबरोबर एक तरुण गाईड होती. बफरमध्ये धानाच्या बांध्या संपतात आणि साग सुरू होतो अशा वळणावर तिने हात वर करून गाडी बंद करायला लावली. धुऱ्यावरच्या ओल्या मातीत खूर उमटले होते. दोन लांबट, टोकाला निमुळते, एकमेकांना चिकटलेले भाग, माझ्या तळहाताच्या जवळपास लांबीचे. शेजारीच दुसरे खूर होते, आखूड, पसरट, आणि मागे दोन ठिपके टेकलेले. “हे डुकराचे,” ती म्हणाली, “मागचे नख टेकते त्याचे.” मग तिने लांबट खुरांकडे बोट केलं. खुराच्या खळग्यात पाणी साचलेलं नव्हतं आणि कड अजून धारदार होती. रात्री दहाच्या सुमारास सर येऊन गेली होती, म्हणजे हा माग त्यानंतरचा, बहुधा पहाटेचा. खूर धानातून रानाकडे गेले होते. आम्ही तिथेच थांबलो.

पाच मिनिटं काहीच नाही. झाडांच्या मधून लाकडी कोळ्यांची मोठमोठी सोनेरी जाळी ताणलेली होती, ऑक्टोबरात ताडोबाच्या वाटांवर ती ठिकठिकाणी असतात. मी ती बघत बसले होते. तेवढ्यात ती हळूच म्हणाली, “थे पाहा, कान हालते.” मला आधी काहीच दिसलं नाही. सागाच्या चौथ्या-पाचव्या खोडामागे सगळं तपकिरी अंधुक होतं. मग त्या अंधुकात एक रुंद कान माशी झटकायला हलला, आणि त्या कानाभोवती एकदम अख्खं जनावर उभं राहिलं. मान, पाठीची आडवी रेघ, आणि वर शिंगं. एका शिंगावरून मखमलीची फाटकी चिंधी लोंबत होती. तो आमच्याकडेच बघत होता, कदाचित आम्ही आलो तेव्हापासून.

त्या एका मिनिटात जे शिकले ते सांगते. सांबर धोका वाटला की लगेच पळत नाही. आधी तो गोठून उभा राहतो आणि आपल्या रंगावर भरवसा ठेवतो. म्हणून जंगलात अख्खं जनावर शोधू नका. तुकडे शोधा. झाडं उभी असतात, म्हणून आडवी रेघ दिसली की तिथे डोळा थांबवा, ती पाठ असू शकते. कानाची हालचाल शोधा, शेपटीची झटक शोधा. आणि गाडी धावत असताना यातलं काहीही दिसत नाही. ताशी वीस किलोमीटरनेसुद्धा नाही. थांबलेली गाडी आणि बंद इंजिन, याला पर्याय नाही.

शिंगांचं म्हणाल तर 1 ऑक्टोबर ही मोठी छान वेळ. सांबराची शिंगं दरवर्षी गळतात आणि नवी येतात. उन्हाळ्यात जुनी पडतात, पावसाळाभर नवी शिंगं मखमली कातडीखाली वाढतात, आणि पाऊस ओसरताना नर ती मखमल झाडांवर घासून काढू लागतो. पूर्ण वाढलेल्या नराच्या प्रत्येक शिंगाला तीन टोकं असतात. म्हणजे या आठवड्यांत तुम्हाला एक नर पूर्ण मखमलीतला, एक चिंध्या लोंबणारा आणि एक लखलखीत शिंगांचा, असे तिन्ही दिसू शकतात. घासण्याच्या खुणाही ताज्या असतात. कोवळ्या झाडाच्या खोडाची साल छातीच्या उंचीवर सोलून निघालेली, आतलं लाकूड पांढरं आणि ओलं. रस्त्याकडेला असं झाड दिसलं की आसपास नर आहे असं धरून चाला. नोव्हेंबर-डिसेंबरात माजाचे दिवस येतात, त्याची ही तयारी असते. त्याच काळात चिखलात लोळणंही वाढतं. नाल्याकाठी बैलाएवढ्या अंगाचा लोळलेला ठसा आणि शेजारच्या खोडांवर उंचावर पुसलेला चिखल, हीसुद्धा त्याचीच सही.

गळालेलं शिंग वाटेत पडलेलं दिसलं तर हात लावू नका. ते घरी नेणं गुन्हा आहे. शिवाय पडलेली शिंगं साळिंदर कुरतडतात, त्यांना ती लागतात.

लेंड्यांवरूनही बरंच कळतं. रोही, म्हणजे नीलगाय, पुन्हा पुन्हा एकाच जागी लेंड्या टाकतो, त्याचा ढीग साचतो. सांबराच्या लेंड्या तशा एका जागी रचलेल्या नसतात. शेताच्या कडेला ढीग दिसला तर तिथे रोह्याचा वावर आहे एवढं नक्की.

आता कानाचं काम. सांबराचा इशारा एकदा ऐकला की विसरता येत नाही. ढाँक्! रिकाम्या पिंपावर कुणी काठी मारावी तसा, एकच, मोठा. मग थांबून पुन्हा एक. सोबत तो पुढचा पाय जमिनीवर आपटतो आणि शेपटी ताठ उभी करतो. चितळ पुष्कळदा उगाचच ओरडतं, वानर झाडावरून खॅक खॅक करत राहतं, भेकर कुत्र्यासारखं भुंकतं. पण सांबर सहसा शिकारी जनावर स्वतः बघितल्याशिवाय किंवा त्याचा वास आल्याशिवाय ढाँक करत नाही, म्हणून जुने लोक त्याच्या हाकेवर सगळ्यात जास्त विश्वास ठेवतात. लागोपाठ तीन-चार हाका एकाच दिशेने आल्या आणि प्रत्येक वेळी त्या जरा जरा सरकत गेल्या, तर तिथे वाघ किंवा बिबट चालतो आहे. म्हणजे गंमत बघा, सांबरामागे गेलेल्यालाच वाघ दिसण्याची संधी जास्त. पण त्यासाठी गाडीत शांतता हवी. चिप्सचं पाकीट फोडण्याचा आवाजसुद्धा शंभर पावलांवर जातो.

सांबराचं नाक फार तिखट असतं. अत्तर, डिओ, सिगारेट नको. कपडे मळकट हिरवे किंवा खाकी, पूर्ण बाह्यांचे. गडचिरोली-चंद्रपूरचा पट्टा मलेरियाचा आहे आणि ऑक्टोबर हा डासांचा महिना, त्यामुळे ओडोमॉससारखं मलम रात्री मुक्कामी जरूर लावा. सकाळी गाडीत शक्यतो बिनवासाचं वापरा. हलका रेनकोट ठेवा, परतीचा पाऊस विदर्भात कधीही येऊन जातो.

गाभ्यात मोबाइल नेता येत नाही. याचा राग मानू नका, मला तर हा नियम वरदान वाटतो. कॅमेरा असेल तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. सांबर गडद आणि जंगलही गडद, त्यामुळे कॅमेरा आपणहून चित्र उजळ करतो आणि जनावर राखाडी, फिकट येतं. एक्स्पोजर थोडं उणे करा. फ्लॅश अजिबात नको. आणि कॅमेरा नसेल तर मुळीच वाईट वाटून घेऊ नका. 8 बाय 42 ची साधी दुर्बीण गळ्यात असेल तर कॅमेऱ्यावाल्यापेक्षा तुम्ही जास्त बघाल. पहाटेच्या अंधुकात ती भरपूर प्रकाश आत घेते, आणि सागाच्या सावलीतून कानाचा तुकडा शोधून काढायला तिच्याइतकं कामाचं काही नाही.

आता ज्या शेताच्या कडेला उभं राहून तुम्ही हे सगळं बघता, त्या शेताबद्दल.

1 ऑक्टोबरला इथला शेतकरी निवांत झोपलेला नसतो. धान निसवलं की रानडुक्कर, रोही, चितळ, सांबर सगळे येतात, आणि घरातला एक माणूस रोज रात्री जागलीला जातो. बांधीच्या कडेला चार बल्ल्यांवर मचाण, हातात टॉर्च, एक डबा वाजवायला. याच रानात वाघ आहे, आणि चंद्रपूर जिल्ह्यात वाघाच्या हल्ल्यात माणसं मरतात, हे रोजचं भय घेऊन तो तिथे बसतो. तुम्हाला जो सांबर बघून आनंद होतो, त्याने कालच्या रात्री त्याची तूर शेंड्यापासून ओरबाडली असेल. नुकसानीसाठी वनखात्याकडे अर्ज आणि पंचनामा करून भरपाई मिळते, पण कागदपत्रांत आणि फेऱ्यांत हंगाम जातो. म्हणून काही जण चोरून कुंपणाच्या तारेत थेट वीज सोडतात. त्या तारेला डुक्कर लागतं तसा वाघही लागतो आणि माणूसही. असे मृत्यू या जिल्ह्यांत झाले आहेत. हा मार्ग कुणीही धरू नये. सौरऊर्जेवरच्या झटका मशीनचं कुंपण हा कायदेशीर उपाय आहे, त्याचा झटका क्षणभराचा असतो, जनावर मागे फिरतं पण मरत नाही. डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून त्यासाठी अनुदान मिळतं. तुमच्या ओळखीत कुणी शेतकरी असेल तर त्याला हे जरूर सांगा.

पर्यटकाने मात्र काय करायचं, ते साधं आहे. फोटोसाठी बांधीत उतरू नका, पिकातून चालू नका. गाडीतून खाली उतरणं मनाई आहेच, आणि शेताच्या कडेला तर ते जिवावरचं आहे. गावातून जाताना वेग कमी ठेवा, कोंबड्या आणि पोरं रस्त्यावर असतात. मुक्काम मोठ्या रिसॉर्टमध्येच करायला हवा असं नाही. गेटजवळच्या गावांत होम स्टे आहेत, तिथे जेवा. भात इथल्याच बांधीतला असतो. मग रात्री अंगणात बसून घरमालकाला विचारा, या वर्षी धान कसं आहे, जागलीला कोण जातं. त्याच्या उत्तरातून जेवढं जंगल कळेल तेवढं दहा फेऱ्यांत कळणार नाही.

ज्यांना गर्दी नको, त्यांनी वैनगंगा ओलांडून गडचिरोलीकडे बघावं. चपराळा अभयारण्य वर्धा आणि वैनगंगा यांच्या संगमाजवळ आहे, तिथून पुढे त्या दोघींची प्राणहिता होते. भामरागडचं रान त्याहून दाट. पण तिथे ताडोबासारखी सोय नाही आणि जनावरं सहज दिसत नाहीत. 2021 च्या ऑक्टोबरात छत्तीसगडकडून रानटी हत्तींचा कळप या जिल्ह्यात आला, त्यामुळे धानाच्या दिवसांत हत्तींच्या हालचालीची चौकशी स्थानिक वन कार्यालयात करूनच रस्ता ठरवावा. अंधार पडल्यावर जंगलातून प्रवास करू नका. पहिल्यांदाच जाणाऱ्याने ताडोबात हात बसवावा, मग गडचिरोली.

चंद्रपूरला दिल्ली-चेन्नई मार्गावरच्या बऱ्याच गाड्या थांबतात, तिथून मोहर्ली तासाभराच्या अंतरावर. नागपूरहून येणाऱ्यांनी कोलारा गेटचा विचार करावा, चिमूरमार्गे जवळ पडतं. आदल्या दिवशी संध्याकाळी पोहोचा. लवकर झोपा. आणि एक छोटी वही बरोबर ठेवा. किती वाजता, कुठल्या दिशेला, कोणता आवाज, कोणता माग, नराची शिंगं मखमलीत होती की साफ, एवढंच लिहा. दोन-तीन वर्षं पहिल्या दिवशी हेच लिहिलंत की वर्षावर्षातला फरक दिसू लागतो.

सफारीची वेळ सहाची असली तरी गेटवर साडेपाचला हजर राहा. गाडीत बसल्यावर पहिली दहा मिनिटं कुणीही बोलू नका.